न झालेल्या गोलांची फाइल

आमच्या क्लबातले किस्से सगळ्यात जास्त कुठे साचत असतील, तर माझ्या व्हिडिओ रूममध्ये. मैदानावर चूक झाली की दुसऱ्या दिवशी खेळाडू ती बघायला माझ्याकडे येतो, आणि स्क्रीनवर चूक दिसली की तो आपोआप बोलायला लागतो. मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्या पेठेत नव्वद मिनिटांची मॅच बघून आलेला माणूस ती नऊ दिवस सांगत बसतो, त्यामुळे ऐकायची सवय लहानपणापासूनची. आता मी नॉर्थ कॅरोलिनात एका प्रोफेशनल फुटबॉल क्लबात मॅचचे व्हिडिओ कापतो, मॉरिसव्हिलमध्ये राहतो आणि किस्से गोळा करतो. क्लबाचं नाव मात्र सांगणार नाही. अजून तिथेच नोकरी करायची आहे.

गोल मारणाऱ्यांचे किस्से सगळेच सांगतात. मी सांगतोय ते रामिरोचे. रामिरो पॅराग्वेचा, सेंटर बॅक. म्हणजे गोलकीपरच्या पुढे उभं राहायचं आणि येईल त्याला अडवायचं. सतरा वर्षांत चार देश, नऊ क्लब आणि तीनदा मोडलेलं नाक, एवढं घेऊन तो आमच्याकडे आला तेव्हा पस्तीस वर्षांचा होता.

*

नवा खेळाडू आला की स्वतःचा एक व्हिडिओ आणतो. तीन मिनिटांचा, धडाम-धुडूम म्युझिक लावलेला, आणि त्यात तो एकदाही चुकत नाही. रामिरोने मला पेन ड्राइव्ह दिला. त्यात एक अख्खी मॅच होती, इक्वेडोरमधली, शून्य-शून्य अशी संपलेली.

मी म्हटलं, यातला तुझा भाग कुठला ते सांग, मी तेवढा कापून घेतो. तो म्हणाला, पूर्ण बघ. त्याचं इंग्लिश मोडकं, माझं स्पॅनिश त्याहून मोडकं, त्यामुळे वाद घालणं शक्य नव्हतं. बसलो बघत. तासभर काहीही झालं नाही. पाऊस पडत होता आणि माझे डोळे मिटत होते.

मग समोरच्या टीमचा नऊ नंबर, त्या टीमचा मोठा स्टार, त्याला तासभरात एकदाही नीट बॉल मिळाला नाही म्हणून कोचने बाहेर बोलावलं. तो रागारागाने गेला आणि बाहेर पडता पडता पाण्याच्या बाटलीला त्याने अशी लाथ मारली की ती थेट प्रेक्षकांत गेली. रामिरोने हात पुढे करून व्हिडिओ थांबवला.

"हा माझा गोल," तो म्हणाला.

*

पॅराग्वेचे लोक उन्हाळ्यात तेरेरे पितात. शिंगाचा पेला, त्यात कसला तरी पाला, वरून बर्फाचं पाणी, आणि आत खोचलेली धातूची नळी. पेला एकच, नळीही एकच, आणि ती सगळ्यांमधून फिरते. प्रॅक्टिसच्या आधी रामिरो सावलीत बसून पाणी ओतायचा आणि पेला एकेकाला द्यायचा.

पहिल्याच आठवड्यात तो माझ्यापर्यंत आला. माझ्या आधी सहा जणांनी ती नळी तोंडात घेतली होती. आता आमच्या घरी तांब्याला तोंड लावलं तर आई पाठीत धपाटा घालायची. उष्टं म्हणजे उष्टं. पण नाही म्हटलं तर माणूस दुखावणार. मग माझ्या डोक्यात एक नामी युक्ती आली. मी मान मागे टाकली, पेला वर धरला आणि तांब्यातून पितात तसं वरून तोंडात ओतलं.

पाणी नाकात गेलं, पाला डोळ्यांत गेला आणि नळी निसटून कपाळावर बसली. रामिरोने स्वतःच्या टॉवेलने माझं तोंड पुसलं, पेला पुन्हा भरला आणि गंभीरपणे विचारलं, तुमच्याकडे हे असंच पितात का? मी म्हटलं, हो. इज्जतीचा प्रश्न होता. दुसऱ्या दिवशी माझा मान राखायचा म्हणून सातही जण मान मागे टाकून बसले होते, आणि आमच्या गोलकीपरला ठसका लागून प्रॅक्टिस अर्धा तास उशिरा सुरू झाली.

*

इथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला दरवर्षी सिनिअर विरुद्ध ज्युनिअर अशी मॅच असते. त्या वर्षी रामिरोला पाहुणा म्हणून नेलं. ज्युनिअरकडे माणसं कमी पडली म्हणून तो तिकडून उभा राहिला. मी त्याला बजावलं होतं, हे आयटीतले लोक आहेत, बहुतेकांची पाठ दुखते, हलकंच खेळ. तो हो हो म्हणाला, आणि खरंच अर्धा तास नुसता चालत होता.

मग विवेकदादा साठ्यांकडे बॉल आला. विवेकदादा पुण्याचे, वय बावन्न, शुगर आहे. आयुष्यात पहिल्यांदाच ते गोलच्या समोर एकटे होते आणि पायात बॉल होता. ते पाय उचलणार एवढ्यात कुठून तरी रामिरो आला. बॉल एकीकडे गेला, चष्मा दुसरीकडे, आणि विवेकदादा मठ्ठ्याच्या कूलरपाशी जाऊन पडले. त्यांच्या पत्नी सुलभावहिनी पळत आल्या. मी रामिरोवर ओरडलो, अरे बाबा, पन्नाशीचा माणूस आहे तो!

रामिरोचा चेहरा एवढासा झाला होता, पण बाजू त्याने सोडली नाही. म्हणाला, "तो गोल करणार होता."

हे विवेकदादांनी पडल्या पडल्या ऐकलं. पुढे महिनाभर ते लंगडत होते आणि देवळात, ग्रोसरीत, ऑफिसच्या कॉलवर भेटेल त्याला थांबवून लंगडण्याचं कारण सांगत होते. प्रोफेशनल प्लेयरला माझी भीती वाटली, हे वाक्य आम्ही सगळ्यांनी पाठ केलं. त्या दिवसापासून रामिरोचा त्यांच्याइतका मोठा फॅन दुसरा कोणी नव्हता.

*

आता थोडं गंभीर. आमच्या लीगमध्ये टीममध्ये परदेशी खेळाडू किती असावेत याची मर्यादा असते. ग्रीन कार्ड असलं तर तुम्ही परदेशी धरले जात नाही. मॅनेजरने रामिरोला सांगितलं, पुढच्या सीझनला ब्राझीलचा पोरगा येतोय, जागा त्याला लागणार. मार्चमध्ये यादी बंद होईल तोवर तुझं ग्रीन कार्ड झालं तर राहा, नाहीतर थँक्यू.

रामिरो माझ्याकडे आला आणि व्हिडिओ न लावताच बसला. छत्तिसाव्या वर्षी त्याला दुसरा कुठला क्लब घेणार नव्हता हे दोघांनाही ठाऊक होतं. पण खरी गोष्ट त्याच्या मुलीची होती. मिलाग्रोस आठवीत होती आणि ही तिची सहावी शाळा. इथून हलायचं नाही, असा शब्द त्याने तिला दिला होता.

मी त्याला म्हटलं, तू चुकीच्या देशात जन्मलास पण बरोबर गावात राहतोस. मॉरिसव्हिलमध्ये दर दुसऱ्या घरात ग्रीन कार्डाचा पंडित आहे, आणि त्यातले महापंडित म्हणजे विवेकदादा. सोळा वर्षं स्वतः रांगेत. फॉर्मचे नंबर त्यांना मुलींच्या वाढदिवसांपेक्षा जास्त पाठ. संध्याकाळी आम्ही तिघं त्यांच्या डायनिंग टेबलाशी बसलो आणि विवेकदादांनी बोटं मोडून घेतली. वकील सही करेल, ते म्हणाले, फाइल आपण करायची.

*

फाइलमध्ये सिद्ध काय करायचं, तर हा माणूस आपल्या कामात असामान्य आहे. पुरावा म्हणून वर्तमानपत्रातली कात्रणं लागतात. रामिरोने बुटांचा एक खोका आणला. त्यात सतरा वर्षांची कात्रणं होती आणि त्यातल्या एकातही तो नव्हता. गोल मारणारे होते, कप उचलणारे होते, एक मेयर होता.

माझी बायको मंजिरी औषधांच्या कंपनीत कागदपत्रं तपासायचं काम करते. ती भिंग घेऊन बसली. एका फोटोत एक फॉरवर्ड, म्हणजे गोल मारायला पुढे धावणारा, हवेत आडवा झाला होता, आणि कोपऱ्यात एक कोपर दिसत होतं. तिने विचारलं, हे कोणाचं? रामिरोने अभिमानाने स्वतःचं कोपर पुढे केलं, त्यावर फोटोतलीच खूण होती. मंजिरीने फोटोतल्या कोपराभोवती हायलायटरने गोल काढला आणि खाली नीट टाइप केलं: पुरावा क्रमांक चौदा, अर्जदाराचं कोपर.

मग लागली तज्ज्ञांची पत्रं. विवेकदादा म्हणाले, पत्र मित्राचं नको, ज्याला तुझ्याशी काही देणंघेणं नाही अशा माणसाचं हवं. रामिरोने विचार केला आणि म्हणाला, मग फॉरवर्ड. त्यांच्यातला एकही माझा मित्र नाही.

त्याने आठ जणांना फोन केले. एकाने नाव ऐकताच फोन ठेवला. एक जण ढसाढसा रडला, तो का रडला ते शेवटपर्यंत कळलं नाही. आणि कोलंबियाच्या एका म्हाताऱ्या स्टारने चारच ओळींचं पत्र पाठवलं. "या माणसाविरुद्ध मी सात मॅच खेळलो. मी दोन गोल केले. पहिल्या वेळी तो स्ट्रेचरवर होता. दुसऱ्या वेळी रेफरीने त्याला माझ्यामुळेच बाहेर काढलं होतं." वकील म्हणाला, हे सगळ्यात वर लावा.

*

एवढं करूनही माशी शिंकलीच. सप्टेंबरात सरकारचं पत्र आलं. अर्जदाराने सतरा वर्षांत एकूण दोन गोल केल्याचं म्हटलं आहे, तर यात असामान्य काय, ते ऐंशी दिवसांत सिद्ध करावं.

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. गोलांचा आकडा दिला कोणी? विवेकदादांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. या आयटीवाल्यांची एक खोड आहे, रेझ्युमेमध्ये आकडा नसला की चैन पडत नाही. त्यांनी शेवटच्या क्षणी एक ओळ वाढवली होती. "एकूण गोल: २." रामिरो खाली मान घालून म्हणाला, त्यातला एकही वाढवून सांगितलेला नाही, पण एक आमच्याच गोलमध्ये गेला होता.

त्या दिवशी कोणी हसलं नाही. विवेकदादा दोन दिवस जेवले नाहीत असं वहिनींनी मंजिरीला सांगितलं. एका पोरीची शाळा आपल्या एका ओळीपायी जाणार, हे त्यांना सहन होत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी जुने व्हिडिओ काढायला बसलो. एका पानावर तीन फोटो छापायचे. पहिल्यात फॉरवर्ड बॉल घेऊन निघालाय. दुसऱ्यात रामिरो पोचलाय. तिसऱ्यात फॉरवर्ड बसलाय किंवा आडवा झालाय. खाली मॅचचं नाव, मिनिट, आणि एक ओळ: "गोल झाला नाही." अशी एकशे बारा पानं झाली. विवेकदादांनी प्रत्येक पान तीनदा तपासलं आणि एकही आकडा स्वतःहून वाढवला नाही. ब्राझीलचा तो पोरगा तोवर ट्रायलला आला होता. तो माझ्या मागे उभा राहून पानं बघत होता, आणि दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला त्याने रामिरोच्या बाजूने जायचंच बंद केलं.

नाताळाच्या आधी मंजुरी आली. ग्रीन कार्डाची रांग जन्माच्या देशावर ठरते. पॅराग्वेवाल्यांना ती नाही, आपल्याला आहे. मी नऊ वर्षं रांगेत होतो. खोटं कशाला बोलू, आनंदाने मी रामिरोला मिठी मारली आणि त्याच वेळी पोटात कुठेतरी दुखलंही. विवेकदादांना दुखलं असेल तर त्यांनी दाखवलं नाही. फक्त आता कार्ड पोस्टाने कधी येईल, यावर त्यांनी आम्हाला वीस मिनिटं लेक्चर दिलं.

*

शेवटचा किस्सा मी सहसा सांगत नाही.

खेळाडूंची यादी मार्चमधल्या एका शुक्रवारी पाचला बंद होणार होती आणि लीगला कार्डाचा स्कॅन हवा होता. गुरुवारी दुपारी रामिरोचा फोन आला, कार्ड आलं. मी गाडी घेऊन गेलो, म्हटलं चल, ऑफिसात देऊन टाकू. तो म्हणाला, आधी विवेककडे.

विवेकदादा घरूनच काम करत होते, कॉल चालू होता. आम्हाला बघून त्यांनी तो तसाच सोडला. रामिरोने कार्ड पुढे केलं. विवेकदादा आधी आत जाऊन हात धुऊन आले. मग त्यांनी ते घेतलं, पुढून बघितलं, मागून बघितलं, उजेडात धरलं. सोळा वर्षं गावाला या कार्डाबद्दल शिकवणारा माणूस ते पहिल्यांदा हातात घेत होता. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

सुलभावहिनींच्या घरी काहीही नवीन आलं की आधी देवापुढे जातं. गाडीची किल्ली, मुलींचे रिझल्ट, सगळं. त्यांनी नवऱ्याच्या हातातून कार्ड घेतलं, देवापुढे ठेवलं आणि सवयीने त्यावर कुंकवाचं बोट टेकवलं. मग त्या एकदम दचकल्या. अगं बाई, सरकारी वस्तू आहे ही, असं म्हणत ओढणीने पुसायला लागल्या.

"राहू दे," विवेकदादा म्हणाले.

वहिनींनी रामिरोच्या हातावर साखर ठेवली. गाडीत बसल्यावर त्याने मला विचारलं, विवेक काय म्हणाला? मी अर्थ सांगितला. त्याने ते दोन शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून बघितले. कार्ड त्याने मांडीवर सपाट धरलं होतं, आणि ऑफिसपर्यंत एसीचा वारा लागू नये म्हणून वर हाताचा आडोसा केला होता.

मॅनेजरने हात मिळवला, कार्ड घेतलं, स्कॅनरचं झाकण उघडलं आणि थबकला. "काहीतरी लाल लागलंय याला," असं म्हणून त्याने टिश्यू ओढला.

रामिरोने त्याचं मनगट धरलं.

"राहू दे," तो म्हणाला.