शिक्का नसलेलं यंत्र

स्वातंत्र्यानंतरच्या त्या पहिल्या काही वर्षांत मी धुळ्याला वजनमापांच्या खात्यात निरीक्षक होतो. काम सोपं, पण पायपिटीचं. आठवड्याच्या बाजारात जायचं, दुकानदारांची वजनं तपासायची, दुधा-तेलाची मापं पाण्यानं भरून आपल्या प्रमाण मापाशी ताडून पाहायची. बरोबर असतील तर शिक्का मारायचा, नसतील तर जप्त करायची. लोक मला बघून हातातलं काम टाकून उभे राहत. ते मला थोडं आवडायचं, हे आज कबूल करायला हरकत नाही.

दोंडाईच्याच्या बाजारात एकदा तूप विकणाऱ्या बाई माझ्यापुढे येऊन बसल्या. पन्नाशीच्या, अंगानं मजबूत. सगळं गाव त्यांना अक्का म्हणे. त्यांच्या मापांवर मी शिक्के मारले, तरी त्या उठेनात.

“भाऊ, मापले तुम्ही शिक्का मारतस,” त्या म्हणाल्या, “मंग मशीनले कोन मारस?”

“कसलं मशीन?”

“साय काढानं. चला, देखा.”

मी त्यांच्याबरोबर घरी गेलो. गोठ्यात सहा म्हशी होत्या आणि ओसरीवर टेबलाला बोल्टानं आवळलेलं मलई काढायचं यंत्र होतं. चकचकीत हिरवा रंग, बाजूला हँडल. वरच्या भांड्यात कोमट दूध ओतायचं, हँडल फिरवायचं. आतलं भांडं गरगर फिरतं आणि एका तोटीतून साय, दुसरीतून पातळ दूध येतं. तोवर अक्का रोज पहाटे दही घुसळत. हात दुखायला लागले, म्हणून चार वर्षांच्या तुपाचे पैसे साठवून हे यंत्र त्यांनी जळगावच्या एका दुकानातून आणलं होतं.

त्यांचे यजमान, आबा, अबोल माणूस. त्यांनी हँडल धरलं. सुरुवातीला हँडलाजवळची घंटी वाजली, वेग पुरता आल्यावर थांबली. म्हणजे फिरवण्यात चूक नव्हती. दोन्ही तोट्या वाहू लागल्या. मला सगळं ठीकच वाटलं.

अक्कांनी सायीकडे पाहिलंसुद्धा नाही. पातळ दूध पातेल्यात घेतलं, चुलीवर तापवलं आणि खाली उतरवून ठेवलं. आम्ही चहा पिईपर्यंत ते निवलं. मग त्यांनी उलथन्यानं वरची साय उचलून माझ्यापुढे धरली. चांगली जाड होती.

“देखा भाऊ, कितली साय शे! हाई बठ्ठी ताकमा जास.”

तुपात यायची ती सगळी साय पातळ दुधाबरोबर ताकात जात होती. मी यंत्र उघडायला सांगितलं. आतल्या भांड्यात पातळ पत्र्याच्या चकत्या एकावर एक बसवलेल्या होत्या. अक्का रोज त्या धूत आणि क्रम चुकू नये म्हणून तारेत ओवून ठेवत. प्रत्येक चकतीवर बारीक इंग्रजी आकडा कोरलेला होता. अक्कांना तो वाचता येत नव्हता. मी वाचत गेलो. आठ, नऊ, पुन्हा नऊ, अकरा, तेरा. मग हिरव्या रंगाचा एक पोपडा नखानं खरवडला, तर खाली जुना काळा रंग निघाला.

यंत्र जुनं होतं. दोन-तीन मोडक्या यंत्रांचे भाग जमवून कुणीतरी ते नवं म्हणून खपवलं होतं. बिलावर मात्र स्वच्छ अक्षरात ‘नवीन यंत्र’ असं लिहिलेलं होतं.

पण मी काय करणार? माझा अधिकार वजनावर आणि मापावर. दूध किती मोजलं हे मी विचारू शकत होतो, यंत्रानं त्याचं काय केलं हे विचारायला कुठलंच खातं नव्हतं. हे सांगताना मला लाज वाटली. तरी जे पाहिलं ते मी कागदावर उतरवलं, आकड्यांसकट, आणि खाली सवयीनं हुद्दा लिहिला.

धुळ्याला परतल्यावर तो कागद मी साहेबांना दाखवला. त्यांनी चष्मा वर सरकवला.

“हे कोणत्या कलमाखाली?”

“कलम नाही साहेब.”

“मग हा हुद्दा कशाला?” त्यांनी लाल पेन्सिलीनं तेवढाच शब्द खोडला. मला वाटलं, आता मेमो मिळणार. ते म्हणाले, “नुसत्या नावानं सही करा. डोळ्यांनी पाहिलेलं सांगायला कलम लागत नाही. आणि माल बिलात लिहिल्यासारखा नसेल तर परत करता येतो, त्याचा कायदा आहे. दुकानदाराला तेवढं सांगा. सुट्टीच्या दिवशी जा, सरकारी भत्ता मिळणार नाही.”

जळगावला मेहरूणमध्ये माझी सासुरवाडी होती, त्यामुळे भत्त्याचं काही वाटलं नाही. मी अक्कांना निरोप धाडला आणि पुढच्याच रविवारी त्या आणि आबा यंत्र गोणपाटात बांधून रेल्वेनं आले. मी स्टेशनवर उभा होतो.

दुकानदार शेठ आधी हसले. “अक्का, दूध गार असेल. नाहीतर फिरवायला जमत नसेल. आणि तुमच्या म्हशीच्या दुधातच काही—”

“मन्ही म्हैसले नाव ठेवू नका!” अक्का एवढ्या जोरात म्हणाल्या की दुकानातली चार गिऱ्हाइकं वळून पाहू लागली.

तेव्हा आबा पहिल्यांदा बोलले. “शेठ, दुसरं यंत्र मांडा. दोन्ही मी फिरवस.”

एवढ्या लोकांसमोर शेठना नाही म्हणता येईना. शेजारच्या हॉटेलातून दूध आणलं, तिथल्याच शेगडीवर कोमट केलं. मी माझ्या मापानं दोन्हीकडे सारखं ओतलं. आबांनी आधी एक, मग दुसरं यंत्र फिरवलं, दोन्ही वेळा घंटी थांबेल एवढ्या वेगानं. मग दोन्हीकडचं पातळ दूध वेगवेगळ्या पातेल्यांत तापवलं आणि निवायला ठेवलं. दुकानातल्या यंत्राच्या दुधावर नावापुरती साय आली. अक्कांच्या पातेल्यावर भाकरीसारखा थर धरला.

मी चकत्या शेठच्या हातात दिल्या. त्यांनी एकेक आकडा वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला.

“मुंबईच्या व्यापाऱ्याकडून पेटीबंद आलं होतं,” ते हळूच म्हणाले. “मी उघडून पाहिलं नाही. चूक माझी.”

कायदा सांगायची वेळच आली नाही. त्यांनी नवं यंत्र दिलं. अक्कांनी ते तिथेच उघडायला लावलं आणि मला आकडे मोठ्यानं वाचायला सांगितले. एकही चुकला नाही. मग बिलावर ‘चकत्या मोजून, चालवून दिलं’ असं शेठच्या हातून लिहून घेतलं. बघणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी एक नशिराबादचे होते, तेही यंत्र घ्यायलाच आलेले. ते म्हणाले, “आमच्याही बिलावर तसंच लिहा.” शेठनी तेही लिहिलं.

महिन्याभरानं दोंडाईच्याला गेलो, तेव्हा अक्कांनी तुपाचा डबा पुढे केला. मी हात जोडले. “अक्का, मी सरकारी माणूस. मला घेता येत नाही.”

त्यांनी डबा आत नेला. जेवायला बसलो तर कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीवर त्यांनी तूप ओतलं ते ओतलंच, पार ताटभर पसरेपर्यंत.

“आते खा,” त्या म्हणाल्या. “ताटमानं काय घर लई जातस का?”

आबा खाली मान घालून हसत होते. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरी मागून घेतली.