न टेकलेला चेंडू

माझ्या फोनला बाबा गेल्याचं अजून कोणी सांगितलेलं नाही. सकाळी उघडावा तर तो रग्बीतल्या ट्रायचे व्हिडिओ घेऊन हजर. परदेशातलं कुठलंसं मैदान, बगलेत चेंडू मारून सुटलेला दांडगा गडी आणि उभं राहून ओरडणारी माणसं. मी असलं काही शोधत नाही. शोधायचे ते बाबा, माझ्याच फोनवर, चारकोपच्या आमच्या गॅलरीत बसून. तेही आवाज बंद करून, कारण आत माझा धाकटा भाऊ असायचा आणि त्याला कळू द्यायचं नव्हतं.

बाबा मूळचे मालवणकडचे, गिरणीच्या संघातून कबड्डी खेळलेले. गिरणी बंद पडली, पण चढाईची गोष्ट निघाली की मांडी थोपटल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही. भावाला त्यांनी लहानपणीच तयार केलं होतं. अंगावर कितीही जण पडू देत, मधल्या रेघेला बोट लाव. लागलं की जिंकलास. मग उठ आणि माझ्याकडे बघ. तोच मुलगा कॉलेजात गेला आणि रग्बी खेळायला लागला. बाबांनी त्याच्याशी खेळाबद्दल बोलणंच टाकलं. "ही काय मारामारी!" एवढंच म्हणाले. आणि इकडे गॅलरीत मला हळूच दाखवायचे, "बघ गं, काय चढाई मारली पठ्ठ्यानं!"

नियमसुद्धा तेच मला शिकवायचे. नुसती शेवटची रेषा ओलांडून भागत नाही, पलीकडे चेंडू जमिनीला टेकवायला लागतो, तेव्हा ट्राय. हे भावाशी बोलले असते तर काय बिघडलं असतं? पण हट्टीपणात दोघं असे, की एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं.

एका रविवारी अंधेरीला त्याचा सामना होता. "माझं पण तिकडे काम आहे," म्हणत बाबा माझ्याबरोबर निघाले. काम कसलं डोंबलाचं! भावाने त्यांना मैदानाच्या कडेला पाहिलं आणि त्या दिवशी तो असा काही धावला, की मलाच तो ओळखू येईना. एकाला हुलकावणी दिली, दुसऱ्याच्या हातातून निसटला आणि रेषेपार गेला. आणि तिथे त्याच्या अंगाने लहानपणचं शिकलेलं केलं. रेघ गाठली म्हणजे झालं. चेंडू हातात तसाच धरून तो ताठ उभा राहिला आणि त्याने बाबांकडे बघितलं.

"टेकव! अरे टेकव रे!" बाबा एवढ्या मोठ्याने ओरडले, की मी दचकले. तोवर मागून आलेल्या गड्याने चेंडू उडवला होता. सामना तिथेच गेला.

भाऊ त्याच्या संघाबरोबर थांबला. आम्ही रिक्षाने परत निघालो. बाबा मांडीवर बोटाने रेघ ओढत बसले. मग म्हणाले, "रेघ गाठली की झालं, हे मीच शिकवलं ना त्याला." थोड्या वेळाने म्हणाले, "पण धावला झकास. बोलतो त्याच्याशी."

बोलले नाहीत. आज बोलू, उद्या बोलू करता करता त्याच आठवड्यात ते छातीत कळ येऊन गेले.

भावाला मी रिक्षातलं सगळं सांगितलं. "तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस ताई," तो म्हणाला. त्याच्या कानात एकच गोष्ट राहिली होती, बाबांची ती आरोळी. ते आपल्यावर रागावून गेले, असं त्याने धरून ठेवलं.

त्यात दहाव्याला कावळा शिवेना. तळ्याकाठी पिंड ठेवून आम्ही लांब उभे राहिलो. काका म्हणाले, गावच्या घराची कौलं परतू. मी म्हटलं, आईला सांभाळू. कावळा फांदीवर ढिम्म. शेवटी भाऊ हात जोडून म्हणाला, "बाबा, रग्बी सोडतो." त्यासरशी कावळा उडूनच गेला. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून वेळ निभावली.

खेळ सोडून भाऊ घरात नुसता झुरायला लागला. आईनेच त्याला परत मैदानावर धाडलं. पण रेषा जवळ आली की मागून बाबा ओरडतात, असं तो सांगायचा. मग तोंडाशी आलेला घास तो दुसऱ्याला द्यायचा, चेंडू सोडून मोकळा व्हायचा. घरी आला की आई विचारायची, "आज वरडले काय रे?" तो हो म्हणून मान हलवायचा आणि आई गुपचूप ताट वाढायची. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण भर दुपारी गॅलरीतली रिकामी खुर्ची बघून मीही फोनचा आवाज बंद करायचे.

यंदाच्या थंडीत चारकोपच्याच मैदानावर सामना होता. रेषेजवळ चेंडू भावाकडे आला आणि द्यायला आजूबाजूला कोणीच नव्हतं. रेषेपलीकडे जाऊन तो थबकला. चेंडू अजून हातातच.

"टेकव! अरे टेकव रे!" मी बेंबीच्या देठापासून ओरडले.

तो चेंडूवर छातीने पडला. शिट्टी झाली. पोरं त्याच्या पाठीवर थापा मारत होती तरी तो उठेना. शेवटी उठून माझ्याकडे आला, हनुवटीला माती तशीच.

"ताई, आज बाबा नाही ओरडले."

"मी ओरडले."

"माहितीय." तो माझ्याकडे बघत राहिला. "तू रागावली होतीस?"

"रागावू कशाला येड्या? टेकवतोस की नाही, या काळजीने मेले मी."

तो माझ्या खांद्याला डोकं लावून भर मैदानात लहान मुलासारखा रडला. मीही रडले.

घरी आल्यावर आईने विचारलं, "आज वरडले काय रे?"

"नाही आई. गप्प होते."

आईचा हात ताटावर थांबला. मग तिने भात वाढला आणि म्हणाली, "मगे जेवले असतले ते आज."

तेव्हापासून ते ओरडलेले नाहीत. भाऊ निवांत झोपतो. मलाच ती शांतता सोसत नाही, म्हणून सकाळी फोनने ट्राय पुढे केला की मी तो शेवटपर्यंत बघते, गॅलरीत बसून, आवाज मोठा करून.