त्यांना कशाला विचारता, मला विचारा

पक्षाघातात वाचा गेलेल्यांना मी पुन्हा बोलायला शिकवते. या कामात किस्से जमवावे लागत नाहीत. पेशंटबरोबर नातेवाईक येतात, तेच घेऊन येतात. नावं बदलली आहेत, स्वभाव तेच आहेत.

खराडीच्या आयटीतल्या एकाला दोन चित्रं दाखवून विचारलं, "चहा की कॉफी?" बायको म्हणाली, "कॉफी." मी म्हटलं, "त्यांना विचारलंय." "अहो, त्यांना कॉफीच आवडते." त्याने डाव्या हाताने चहाच्या चित्रावर बोट ठेवलं. पंधरा वर्षांच्या संसारात ही बातमी तिला माझ्या क्लिनिकमध्ये कळली.

बुधवार पेठेतल्या एका पुस्तकविक्रेत्यांचा पुतण्या त्यांच्याशी ओरडूनच बोलायचा. मी समजावलं, मेंदूत बोलण्याची जागा वेगळी, समजण्याची वेगळी. काकांचं बोलणं गेलंय, कान शाबूत आहेत. त्याने शांतपणे ऐकलं. मग काकांच्या कानाशी जाऊन ओरडला, "काका, मॅडम म्हणतात तुम्हाला ऐकू येतं!"

एका निवृत्त शिक्षिकेची फक्त जीभ वळत नव्हती. बँकेतला साहेब तिच्या मुलीला म्हणाला, "यांचं डोकं ठिकाणावर आहे, असं डॉक्टरांचं पत्र आणा." बाईंनी पैसे काढायची स्लिप उलटी करून लिहिलं, "तुम्ही आणलंय का?"

हे सगळं मी माझ्या वकील मैत्रिणीला, अंजलीला सांगितलं. ती म्हणाली, "कायदाही तेच म्हणतो. वाचा गेली म्हणून माणसाचा हक्क जात नाही."

"मेंदूचं शास्त्र तेच सांगतं, कायदा तेच सांगतो. मग अडतं कुठे?"

"काउंटरवर."

मग मांजरी गावचे बबनराव आले. त्यांच्याकडे एकच शब्द उरला होता: "नाही." होकार असेल तर मान खालीवर, नकार असेल तर आडवी, तोंडातून दोन्ही वेळा "नाही". हे ओळखायला मला तीन आठवडे लागले. मुलाने तेवढा वेळही घेतला नाही. वडिलांना समजत नाही, त्यांच्या जमिनीचे निर्णय मला घेऊ द्या, असा अर्ज त्याने कोर्टात केला. बबनरावांच्या बाजूने अंजली उभी राहिली. मानेचं सगळं मी न्यायाधीशबाईंना सांगितलं.

"त्यांना काय बी कळत नाय, मॅडम," मुलगा म्हणाला. "समद्याला नाहीच म्हणत्यात."

बाई बबनरावांकडे वळल्या. "आपलं नाव बबनराव?"

"नाही." मान खालीवर.

"आत्ता आपण घरी आहोत का?"

"नाही." मान आडवी.

"जमीन विकायची आहे?"

"नाही." मान आडवी.

बाईंनी अर्जदाराकडे बोट केलं. "हा आपला मुलगा ना?"

बबनरावांनी त्याच्याकडे वळून पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. मान सावकाश, दोनदा, आडवी हलली.