काठी उंबऱ्याबाहेर

माईंचा फोन बँकेत आला तेव्हा मला वाटलं, केबल गेली असणार. चित्र दिसेनासं झालं की माईंचे यजमान अण्णा निगुडकर मलाच बोलवायचे, आणि मी तारा हलवून उरलेली दोन चॅनेलंही घालवायचो. म्हणून ऐटीत म्हणालो, "अण्णांना सांगा, संध्याकाळी येतो." पलीकडून माई म्हणाल्या, "त्यांना आता कसं सांगू रे..."

महिना होऊन गेला. माझ्या मूर्खपणाचे किस्से मी चवीनं सांगतो. हा मात्र अजून कुणाला सांगितलेला नाही.

अण्णा बांबूउडी मारत. फायबरचे पोल आणि जाड गाद्या यायच्या आधीचा तो काळ. खाली नुसती वाळू आणि भुसा. ऑलिंपिकला गेले. तिथे पहिल्याच उंचीला दोनदा चुकले. तिसऱ्या, शेवटच्या उडीत अंग आडव्या दांडीपलीकडे गेलं, पण सोडलेला बांबू मागे पडायच्या ऐवजी पुढे आला आणि दांडी घेऊन खाली. नावापुढे उंचीच लागली नाही. मग रेल्वेची नोकरी, इथे हिंदी मुलखात माधवनगरात घर, आणि भेटेल त्याचा एकच सवाल, "दादा, कितना कूदे थे?" देवास गेटला मोटारसायकलींचं चकचकीत शोरूम उघडलं, तेव्हा मालकाला फीत कापायला ऑलिंपिकवाले अण्णा हवे होते आणि भाषणाला मी. मी म्हटलं, चला, अण्णांवर उपकार करू. "साहब तो पार हो गए थे, धोखा बाँस ने दिया!" टाळ्या. अण्णांनी माइक ओढला. "बाँस का क्या कसूर? पीछे धकेलना मेरा काम था. मैंने देर तक पकड़े रखा." टाळ्या बंद. मालकानं घाईघाईनं कचोऱ्या मागवल्या. परतताना स्कूटरवर मागून म्हणाले, "माझी चूक तेवढी माझ्याकडे राहू दे रे. दुसरं काय आणलंय मी तिथून?"

पुढे अर्धांगाचा झटका आला आणि हातात काठी आली. फिरून आलो की दाराशी मी दंड धरायचो. "सोड. उंबरा माझा मी ओलांडणार." काठी टेकायची, पाय आत टाकायचा, आणि काठी मागे ढकलून द्यायची. ती ओट्यावर खडखडत पडायची. हे भिंत धरत पलंगापर्यंत. माई करवादायच्या, "पडलात म्हणजे?" "पडलो तर पलीकडे पडेन ना!" एकदा मी शहाणपणानं दंड सोडलाच नाही. दोघंही पायपुसण्यावर आडवे. "बघ," अण्णा धापा टाकत म्हणाले, "तिथे अस्संच झालं होतं."

त्या सकाळी एकटेच फिरून आले. काठी पडल्याचा आवाज ऐकून माईंनी चहा टाकला. कप घेऊन गेल्या, तर अण्णा पलंगावर... चपलासुद्धा काढलेल्या.

परवा गेलो, तर काठी अजून ओट्यावर, पडली होती तशीच. मी आपला उचलून आत ठेवायला निघालो.

"राहू दे तिथेच," माई म्हणाल्या. "आत नको आणूस... दांडी पडेल."