सेम ओल्ड

रिहे गावचे भैरू तसे कुणाचं ऐकून घेणारे नव्हेत. पण मनीष साहेबांच्या फार्महाऊसवर माळीकाम लागल्यापासून तोंडाला कुलूप होतं. शेजारच्या बंगल्यावरच्या माळ्याला वय झालं म्हणून नुकतंच घरी बसवलं होतं आणि त्याच्या जागी तरणं जोडपं आणलं होतं. उद्या आपलीही तीच गत, हा घोर भैरूंना जेवू देत नव्हता.

त्यात साहेब दर शनिवारी गाडीतून उतरले की विचारायचे, "काय काका, सेम ओल्ड, सेम ओल्ड?"

भैरू नुसती मान डोलवायचे. शेवटी त्यांनी तिसरीतल्या नातीला, आरोहीला, विचारलं.

"ओल्ड म्हंजी म्हातारा, आबा."

म्हणजे साहेब तोंडावर म्हातारा म्हणत होते, आणि तेही दोनदोनदा! भैरूंनी पौडहून काळी मेंदी आणली. डोकं रंगवलं, मिशा रंगवल्या, भुवयाही सोडल्या नाहीत. बायको रंभाबाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "आता कुटं नवरदेव व्हायचं हाय?" भैरूंनी मान वर केली नाही. लाज त्यांनाही वाटत होती, पण नोकरीपुढं लाजेचं काय घेऊन बसलात?

शनिवारी साहेब उतरले. डोकं मोबाईलमध्ये. "काय काका, सेम ओल्ड?"

झालं! भैरूंचा तोल सुटला. "सायेब, म्हातारा कुणाला म्हनताय? अजून खताची गोनी एकल्यानं उचलतुया मी!" आणि पडवीतली गोणी त्यांनी खरंच खांद्यावर घेतली.

साहेब आधी गोंधळले, मग पोट धरून हसले. "अहो काका, सेम ओल्ड म्हणजे नेहमीचंच! रोजचं रहाटगाडगं, तेच दळण, दुसरं काय! ऑफिसात आम्ही एकमेकांना असंच विचारतो."

धरणीनं पोटात घ्यावं असं भैरूंना झालं. साहेबांच्या मनात नव्हतं ते आपणच ओरडून सांगितलं. घामाबरोबर मेंदी उतरली आणि कानामागून काळे ओघळ पांढऱ्या सदऱ्यावर आले. पुसायला हात मोकळा नव्हता. गोणी उतरवताना गुडघा लचकला, तसं साहेबांनीच पुढं होऊन ती धरली.

त्यांचं हसू थांबलं. भैरूंकडे त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"काका," ते हळूच म्हणाले, "खरं वय किती हो तुमचं?"