शेवटची वीट

लेक भूगोलाच्या वहीत शहराची वर्तुळं काढत होती. मधोमध बाजार, मग कारखाने, मग कामगार, सगळ्यात बाहेर सुखवस्तू लोक. "माणसं आपोआप अशी वसत जातात," तिनं पुस्तकातून वाचून दाखवलं.

खिडकीखाली गवंडी आमच्या सोसायटीच्या भिंतीतलं लहान दार विटांनी बुजवत होता. पलीकडच्या वस्तीतल्या बायका तिथूनच आमच्याकडे कामाला येतात. "सेफ्टीसाठी हो," शेजारचे काका म्हणाले. माझं डोकंच फिरलं. यांना बायका कामाला हव्यात, त्यांची वाट तेवढी नको!

गवंडीही त्याच वस्तीतला. शेवटची वीट बसवून त्यानं थापी धुतली आणि सवयीनं घराकडे वळला, तर समोर भिंत. मग पुढच्या गेटनं बाहेर पडून नाल्याला वळसा घालून निघाला.

आपोआप म्हणे!