नविन आणि देवेशभाईंचा गळका डबा

डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत मिळून कॅराव्हॅनच्या गळतीचा तज्ज्ञ एकच आहे, आमचा नविन. कारण सोपं आहे. दोन्ही तालुक्यांत मिळून कॅराव्हॅनही एकच आहे.

नविन वरोरचा. त्याचे वडील लाकडी होड्या बांधायचे. पुढे लाकूड मागे पडलं, फायबर आलं, बापाची हत्यारं माळ्यावर गेली आणि मुलाच्या हातात रेझिनची, म्हणजे फायबर जोडायच्या चिकाची, बादली आली. होडीला चीर गेली, खडकावर घासली, की लोक नविनला बोलावतात. काम चांगलं करतो. फक्त काम करताना बोलतो फार, आणि बोलण्याच्या भरात जे येत नाही तेही येतं म्हणून सांगतो. त्याची आई बायजाकाकी म्हणते, "याच्या तोंडाला पण जरा फायबर मारा कुणीतरी."

कॅराव्हॅन देवेशभाईंची. झाईच्या अलीकडे त्यांची चिकूची वाडी आहे. चिकूच्या भावाला कंटाळून त्यांनी पर्यटनात पडायचं ठरवलं आणि वापीच्या पलीकडून कुणाची तरी जुनी कॅराव्हॅन ट्रॅक्टरला बांधून आणली. आत पलंग, शेगडी, बेसिन आणि उभ्यानेच मावावं एवढा संडास. खोली बांधायची तर दहा ठिकाणी सह्या लागतात, पण चाकं असली की ती खोली नाही, असा देवेशभाईंचा हिशोब होता. हा हिशोब त्यांनी कुणालाही विचारून केलेला नव्हता, म्हणून तो बिनचूक होता. झाडाखाली गाडी उभी राहिली, फाटकावर 'निसर्गाच्या कुशीत लक्झरी' असा बोर्ड लागला. गावाने एकदा आत डोकावून पाहिलं आणि त्या लक्झरीचं नाव ठेवलं, डबा.

दोन हजार सोळाच्या पावसाळ्यात डबा गळायला लागला. गळायचा तोही नेमका पलंगावर. बोरिवलीहून आलेल्या एका जोडप्याने पलंगावर छत्री उघडून फोटो काढला आणि इंटरनेटवर टाकला. देवेशभाईंनी त्याखाली उत्तर दिलं, 'आमच्याकडे पावसाचा थेट अनुभव मिळतो.' त्यानंतर थेट अनुभव घ्यायला कुणी आलं नाही.

मग उपचार सुरू झाले. नळवाला आला, त्याने पलंगावरच्या सांध्यात सिलिकॉन भरलं. रंगारी आला, त्याने त्यावर डांबर फासलं. मांडववाल्याने छपरावर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आणून घातला आणि तो उडू नये म्हणून कडेने सरळ स्क्रू मारले. पहिल्याच सरीत साहेबांच्या गालाच्या खळीत पाणी साचलं. खाली पलंग भिजला तो भिजलाच. साहेब मात्र वर हात जोडून हसत होते.

नविन त्या वाडीत पाण्याची टाकी सांधायला गेला होता. त्याने डब्यावर टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाला, "देवेशभाई, हे फायबर आहे. म्हणजे आपलाच माल."

"येतं तुला?"

"होडी समुद्रात कोरडी ठेवतो मी. हा तर जमिनीवर उभा आहे!"

घरी जाताना त्याने डहाणू रोडला थांबून व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकली. नविन, कॅराव्हॅन लीकेज स्पेशालिस्ट. अजून त्याने डब्याचं दार उघडून पाहिलेलं नव्हतं.

आता होडीची गळती कशी शोधतात ते सांगायला हवं. होडी किनाऱ्यावर ओढतात, आत पाणी भरतात आणि बाहेरून फिरत बघतात. जिथे ओल पाझरते तिथे खूण करायची, वाळलं की सांधायचं. बापाने हेच केलं, आजाने हेच केलं. नविननेही हेच केलं. देवेशभाई बाजारात गेल्याचं बघून त्याने वाडीची मोटर चालू केली, पाइप खिडकीतून डब्यात सोडला आणि खडू घेऊन बाहेर प्रदक्षिणा घालायला लागला. मला त्याने खास बघायला बोलावलं होतं.

देवेशभाई परत आले तेव्हा आतल्या सपाता पलंगाच्या उंचीवर तरंगत होत्या.

"हे काय चाललंय?"

"गळती शोधतोय."

"आत पाणी भरून?"

"मग! होडीची अशीच शोधतात."

"अरे बाबा, होडीत पाणी खालून येतं! ह्याच्यात वरून येतंय!"

नविनने खडू खाली घेतला, डब्याकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं. चूक त्याच्या लक्षात आली असेल असं मला क्षणभर वाटलं. पण तो गंभीरपणे म्हणाला, "मग छपरापर्यंत भरावं लागेल."

देवेशभाईंनी दार उघडलं. ते उघडायला नको होतं. गादी, उशा, शेगडीचं झाकण आणि पर्यटनाचा सगळा विचार चिकूच्या आळ्यात वाहून गेला. प्लाय फुगला तो पुढे कितीतरी दिवस उन्हात कुरकुरत होता. गळक्या जागा मात्र नविनला खालच्या बाजूला खरंच सापडल्या होत्या, आणि त्या त्याने इमानदारीने बुजवल्याही. त्यातली एक बेसिनचं पाणी बाहेर जायची होती.

ही गोष्ट झाईला पोचायला वेळ लागला नाही, आणि झाईला ती पोचणं नविनला परवडणारं नव्हतं. कारण झाईला योगिता होती.

योगिता म्हणजे महादेव तांडेलांची मुलगी, उंबरगावला एका कारखान्यात पॅकिंगला जायची. तांडेलांची होडी सांधायला नविन झाईला गेला होता, तेव्हा डबा घेऊन तीच किनाऱ्यावर आली होती. जेवणाचा डबा. नविनने तिला रेझिन कसं वाळतं ते सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, "तुझं बोलणं कधी वाळणार?" तेव्हापासून त्यांचं जमलं. बायजाकाकीने मध्यस्थ पाठवला, तांडेलही जवळजवळ हो म्हणाले होते. होडीला मारलेला जोड दोन वर्षं टिकला, तसा जावईही टिकेल असा त्यांचा अंदाज होता. तेवढ्यात डबा आडवा आला.

"लोक विचारतील, जावई काय करतो," तांडेल मध्यस्थाला म्हणाले. "काय सांगू? कोरड्या जागी पाणी भरतो?"

झाईच्या किनाऱ्यावर खलाशी हसायला लागले होते. जाळी वाळत घालताना एकमेकांना म्हणायचे, आज ऊन कडक आहे, नविनला बोलवा. तांडेल हे ऐकत होते आणि विडी चावत होते. शेवटी त्यांनी निरोप पाठवला. येत्या पावसात मी त्या डब्यात बसून चहा पिणार. एक थेंब जरी अंगावर पडला, तर विषय संपला. योगितानेही फोन करून वेगळं कळवलं, "माझ्याकडे बाबांना समजवायला शब्द उरले नाहीत. तू आता बोलू नकोस. फक्त बुजव."

नविन आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसला. बायजाकाकी घाबरली, तिने त्याची नजर काढली.

तो डब्याच्या छपरावर जाऊन बसायचा, खाली यायचा, पलंगावर झोपून वर बघायचा. गळतं पलंगावर, पण पलंगाच्या वर कुठे भोकच नाही. चैत्रात महालक्ष्मीची जत्रा भरली. आम्ही दोघं गेलो. तिथे जत्रांतून खेळ लावणाऱ्या तुक्याचा हवेचा वाडा होता, मुलांना उड्या मारायला. रबराचा रंगीत वाडा, मागे पंखा घोंघावत हवा भरतोय. एका शिवणीतून फुस्स आवाज येत होता. तुक्याने हातातल्या वाटीतला साबणाचा फेस त्या शिवणीला लावला, तिथे टप्पोरा बुडबुडा आला, त्यावर त्याने पट्टी चिकटवली. नविन पाळण्याचं तिकीट हातात धरून तिथेच उभा राहिला.

"पाण्याऐवजी हवा भरायची," तो म्हणाला.

जत्रा उठल्यावर तुक्या पंखा घेऊन वाडीत आला, पण पाइपची मोटर दूर आहे ना, याची देवेशभाईंनी आधी खात्री करून घेतली. खिडक्या, दार, बेसिनचं तोंड, सगळं चिकटपट्टीने बंद केलं. एका खिडकीतून पंख्याची सोंड आत घातली. डबा जरासा फुगल्यासारखा वाटला.

"जपून हां," तुक्या म्हणाला. "माझ्या वाड्याला दोऱ्या असतात. हा उडाला तर गुजरातमध्ये उतरेल."

नविन शिडीवर चढला, स्क्रू तसेच ठेवून फ्लेक्स कडेने कापून काढला आणि झाडूने साबणाचा फेस लावत गेला. आणि छपराने बोलायला सुरुवात केली. फ्लेक्ससाठी मारलेल्या प्रत्येक स्क्रूखाली बुडबुडा. देवेशभाईंनी स्वतः ठोकलेल्या सोलर दिव्याखाली बुडबुडा. रंगाऱ्याच्या डांबराच्या कडेने बुडबुड्यांची माळ. गळती थांबवायला ज्याचा ज्याचा हात लागला होता, त्याच्या त्याच्या हाताखाली फेस उकळत होता. देवेशभाई दिव्याच्या बुडबुड्याकडे बघून म्हणाले, "हा साबणच खराब आहे."

सगळ्यात मोठा बुडबुडा आला तो पार दुसऱ्या टोकाला, स्वयंपाकाच्या बाजूला, छपरातल्या हवेच्या झाकणाच्या कडेला. लिंबाएवढा होऊन फुटायचा, पुन्हा यायचा. नविनने आतला एक प्लाय उचकटला तेव्हा पाण्याची वाट दिसली. पाणी झाकणापाशी शिरत होतं, बाहेरचं फायबर आणि आतला प्लाय यांच्या मधून लपतछपत चालत यायचं आणि जिथे उतार संपतो तिथे पलंगावर प्रकट व्हायचं. सगळ्यांनी जिथे रडू ऐकलं तिथेच मलमपट्टी केली होती.

मग मात्र नविनने काम केलं ते होडीसारखं. जुनं सिलिकॉन आणि डांबर खरवडून काढलं, स्क्रू उपटले, भोकं घासली, पुसली, वाळवली आणि फायबरचा कपडा रेझिनमध्ये भिजवून थरावर थर चढवले. साहेबांचा फ्लेक्स घडी घालून गोठ्यात गेला. पण लग्न टांगणीला लागलेल्या माणसाला कुठे थांबावं ते कळत नाही. त्याने हवेचं झाकणही कायमचं बंद करून टाकलं. मग खिडक्यांच्या फटी. मग संडासाची जाळी. मग दाराला रबर. त्यात मुंगी शिरली असती तर तिला परत निघता आलं नसतं.

जुलैत पाऊस लागला. पश्चिमेचा वारा, आडवी झोड. दुपारी महादेव तांडेल आले, सोबत योगिता. बायजाकाकी आली, देवेशभाई तर मालकच, नविन आणि मी. सहा माणसं त्या डब्यात गुडघ्याला गुडघा लावून बसलो. तांडेल पलंगाच्या बरोब्बर मधोमध, टोपी काढून मांडीवर ठेवून. डोक्यावर केस नाहीत, म्हणजे थेंबाला लपायला जागा नाही.

देवेशभाईंनी दार लावून घेतलं. "चहा कशाला नुसता? भजी काढतो. किचन बघा आमचं, सगळं आतच आहे."

छपरावर पाऊस ताशा वाजवत होता. आत एक थेंब नाही. नविनचं तोंड उजळत चाललं होतं. चहा उकळला, भज्यांचा घाणा निघाला, दुसरा निघाला. घाम फुटला, पण दार उघडायचं कुणी नाही, कारण दार उघडलं तर परीक्षा कसली! बायजाकाकी पदराने वारा घेत होती. तांडेलांनी भजं उचललं.

टप्प.

त्यांच्या टाळूवर. सगळ्यांनी ऐकलं. दुसरा थेंब चहात पडला.

नविन पांढरा पडला. देवेशभाईंनी लगेच झारा वर केला, "तरी मी सांगत होतो!" ते काय सांगत होते ते आजपर्यंत कुणाला कळलेलं नाही. नविन दाराकडे निघाला. छपरावर चढणार होता बहुतेक, किंवा थेट वरोरला जाणार होता.

"बस खाली," योगिता म्हणाली.

तिने बापाच्या टाळूवरचा थेंब बोटाने पुसला. मग वर हात लावला, छपरावरून फिरवला आणि ओला तळवा सगळ्यांपुढे धरला. खिडकीची काच दुधासारखी पांढरी झाली होती, तिच्यावरून ओघळ चालले होते.

"बाबा, हा पाऊस नाही. हात लावून बघा, कोमट आहे. आणि वास घ्या."

तांडेलांनी तिचा हात नाकाशी नेला. "भज्यांचा."

"वाफ आहे. शेगडीची आणि आपली. बाहेर जायला याने जागाच ठेवली नाही, म्हणून वर जाऊन चिकटली आणि पडली. पाणी बाहेरून येतच नाहीये, आपणच पाडतोय." आणि नविनकडे वळून, "झाकण पण बुजवलंस?"

"एक थेंब पण नको म्हणाले होते ना," नविन पुटपुटला.

योगिताने दार ढकललं. रबर चिकटलं होतं, दोनदा खांदा लावावा लागला. दार उघडलं तशी पावसाची झोड आत आली आणि तांडेल गुडघ्यांपर्यंत भिजले. पण ते उठले नाहीत. समुद्रातून तोंड वर काढल्यासारखा त्यांनी मोठा श्वास घेतला. मग टोपी डोक्यावर चढवली, छपराकडे नीट टक लावून बघितलं, पलंगावरून हात फिरवला. पलंग कोरडा होता.

"बाहेरचं नाही आलं," ते म्हणाले.

"नाही ना?" नविन.

"नाही. पण अजून थोडा वेळ थांबलो असतो तर माझं श्राद्ध घालायला लागलं असतं." त्यांनी पाणी पडलेला चहा दाराबाहेर ओतला आणि कप देवेशभाईंपुढे धरला. "दुसरा द्या. बायजाबाई, पाऊस संपला की तारीख काढा. मांडवाला मात्र तुमच्या पोराला हात लावू देऊ नका. वऱ्हाड आत गुदमरून मरेल."